काठीचा बाक आणि कारागिराचा धीर

गळाची काठी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं ओढ्याकाठी बसलेला पोरगा आणि त्याच्या हातातला अखंड बांबू येतो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकात या साध्या काठीची मोठी कारागिरी झाली. बांबूच्या सहा तिकोनी कामट्या तासायच्या आणि सरसानं एकमेकींना चिकटवायच्या, की भरीव षट्कोनी काठी तयार होते. बुडाशी जाड, शेंड्याला निमुळती. आरंभी यासाठी कलकत्त्याच्या बंदरातून बांबू जाई. पुढं दक्षिण चीनमधला दाट तंतूंचा बांबू पसंत पडला. १९५० साली अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, त्याच सुमारास काचतंतूंच्या स्वस्त काठ्या आल्या, आणि हा धंदा आटला. तेव्हा आजोबांच्या वेळची अशी काठी माळ्यावर सापडली, तर ती जपावीच लागते. मोडली, तर तिच्याजोगी दुसरी मिळणं कठीण.

अशा जुन्या काठीला बहुधा बाक आलेला असतो. का बरं? एक तर ती वर्षानुवर्षं भिंतीला टेकून कोपऱ्यात उभी असते, किंवा जड माशाची ओढ तिनं पुष्कळदा सोसलेली असते. दुसरं कारण बांबूच्या अंगातच आहे. कांड्यात तंतू सरळ धावतात, पण पेरापाशी ते वळणं घेतात. म्हणून पुष्कळदा बाक पेराजवळच दिसतो.

आता हा बाक गुडघ्यावर दाबून जाईल का? नाही जायचा. थंड बांबू दाबला तर तो पुन्हा होता तसा होतो, आणि जास्त दाबला तर तडकतो. बांबूच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं एक द्रव्य असतं. ते उष्णतेनं मऊ पडतं आणि निवलं की पुन्हा घट्ट होतं. आपल्याकडं लाठी शेकोटीवर शेकून सरळ करतात, त्यातलं इंगित हेच.

पण लाठी अखंड असते, ही काठी चिकटवलेली आहे. जुना सरस उष्णतेनं सुटतो. म्हणून शेकण्याआधी कामट्यांचे सांधे नीट पाहावेत. काठी हलकेच लवविताना टकटक आवाज आला, किंवा सांध्यात फट दिसली, तर आधी सांधा चिकटवावा, बाकाचं मग पाहावं. रोगणालाही उष्णतेनं फोड येतात. ते उतरवायचंच असेल, तर आधी उतरवावं. काठीचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळ्यांना आच लागू देऊ नये, कारण त्याही चिकटवलेल्याच असतात.

मग एक डोळा मिटून बुडाकडून शेंड्याकडं काठी न्याहाळावी, फिरवून फिरवून पाहावी, आणि बाकाच्या जागी खूण करावी. स्पिरिटच्या दिव्यावर, ज्योतीपासून अंतर राखून, तेवढाच भाग सतत फिरवत शेकावा. एका जागी धरला तर तो करपतो, आणि करपलेला बांबू ठिसूळ होतो. अति तेथे माती! बांबू हाताला जेमतेम सोसवेल इतका तापला, की बाकाच्या उलट दिशेला, सरळ रेषेच्या किंचित पुढंपर्यंत, हळूच वळवावा आणि पुरता निवेपर्यंत तसाच धरावा. वळता वळत नसेल, तर बळ वाढवू नये. पुन्हा थोडा शेक द्यावा. शेंडा तर अगदी बारीक. त्याला क्षणभराची ऊब पुरते.

पुष्कळशा काठ्या मोडतात त्या या निवण्याच्या वेळेआधीच्या घाईनं. एका बैठकीत सगळे बाक काढण्याचा हट्ट नको. आज एक, उद्या दुसरा. बारीकसा बाक राहिला तरी मासा काही तक्रार करत नाही.

शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. बांबूच्या दोन सारख्या कामट्या घ्या. एक थंडच वाकवून सोडा; दुसरी स्वतः शेकून वाकवा आणि निवेपर्यंत धरा. पहिली परत सरळ होईल, दुसरी वाकलेलीच राहील. बळानं न झालेलं काम उष्णतेनं आणि धीरानं कसं होतं, हे मग मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.