४९९ कोटींची सवय

नोव्हेंबर १९९९च्या अखेरीस वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. 'सत्यम इन्फोवे' ही कंपनी मुंबईची 'इंडियावर्ल्ड' विकत घेणार, किंमत ४९९ कोटी रुपये. पाचशेला एक कमी! बाटाच्या चपलेसारखा भाव. यवतमाळात आम्ही चार माणसे चहा पिताना ही बातमी वाचत होतो. पहिला प्रश्न आला तो अगदी वऱ्हाडी होता : "घेतलं काय पण? जमीन किती, जिनिंग किती, माल कुठाय?"

माल नव्हताच. मोजकी माणसे, काही संगणक आणि बरीचशी संकेतस्थळे. राजेश जैन हे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले, अमेरिकेत राहून परत आलेले तरुण. मार्च १९९५मध्ये त्यांनी 'इंडियावर्ल्ड' सुरू केले. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे दुकान आधी आणि गावात रस्ता नंतर. गिऱ्हाईक होते ते परदेशातले भारतीय.

त्यांतलाच एक माझा धाकटा भाऊ. तो न्यू जर्सीत होता. जैन यांच्या 'समाचार' या पानावर भारतातल्या दैनिकांचे मथळे एकत्र मिळत. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. कारगिलच्या उन्हाळ्यात तो ऑफिसातून येऊन संगणक लावायचा आणि मग इकडे फोन. "दादा, वाचलंस का?" मी काय वाचणार? नागपूरचा पेपर अजून पोऱ्याच्या सायकलवर असायचा! 'खेल'वर क्रिकेट, 'बावर्ची'वर पाककृती, 'खोज'वर शोधाशोध. नावे इतकी घरगुती, की परक्या मुलखात माणूस तिथे रोज डोकावल्याशिवाय राहत नसे.

हे डोकावणेच विकले गेले. बाजार समितीच्या आवारात एखाद्या अडत्याने पेढी विकली, तर घेणारा काय घेतो? गादी, काटा, दोन कपाटे? त्यांचे काय येणार! दारव्हा, नेर, बाभुळगावच्या बंड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच दारी वळतात, ती वळण्याची सवय तो घेतो. सत्यम इन्फोवे तेव्हा लोकांना इंटरनेटची जोडणी विकत होती आणि ऑक्टोबर १९९९मध्ये तिचे शेअर अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदले गेले होते. जोडणी घेतलेल्या माणसाने जायचे कुठे, तर आपल्याच पानांवर, असा तो हिशेब. हिशेबाची जात मला त्या दिवशीही पटली होती. आकडा पटला नव्हता. मार्च २०००नंतर अमेरिकेत डॉटकॉमचा फुगा फुटला आणि अशा किमती पुन्हा सहज ऐकू आल्या नाहीत. (मूळ 'सत्यम कॉम्प्युटर्स'चा गैरव्यवहार जानेवारी २००९मध्ये उघड झाला, तोवर इन्फोवे, म्हणजे नंतरची 'सिफी', दुसऱ्यांच्या हाती गेली होती. पण ती कथा निराळी.)

मुंबईचीच दुसरी जुनी पेढी म्हणजे 'रेडिफ'. जाहिरात क्षेत्रातल्या अजित बालकृष्णन यांनी १९९६मध्ये ती काढली. तीही जून २०००मध्ये नॅस्डॅकवर गेली. भाऊ सुट्टीवर आला होता तेव्हा दत्त चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत बसून त्याने मला रेडिफमेलचा पत्ता काढून दिला. मग सुमारे दहा वर्षे पत्रे आली. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. 'काल' लिहिलेय की 'कल', हे संदर्भावरून ओळखायचे. २०१२ साली भाऊ गेला. पत्रे तिथेच राहिली.

ऑगस्ट २०२४मध्ये बातमी आली, की गांधीनगरची 'इन्फिबीम अव्हेन्यूज' रेडिफचा सुमारे ५४ टक्के हिस्सा २५ कोटींना घेत आहे. एकेकाळी ४९९, आणि आता २५! बंड्या दुसऱ्या दारी वळू लागल्या, की अडतीचे असेच होते. गूगल आले, तिथे मेलला जागा ढीगभर मिळाली, मुले तिकडे गेली. यात कुणाचा दोष काढावा असे मला वाटत नाही.

पण माझ्यापुरता प्रश्न वेगळा होता. पुतण्याला विचारले, "५४ टक्के कंपनी विकली, म्हणजे आपली ५४ टक्के पत्रेही गेली का रे?" तो हसला. म्हणाला, "काका, शेअर विकलेत, पत्रं नाही." खरे आहे. पत्रे माझीच, पण कपाट त्यांचे आणि ते कुठल्या खोलीत ठेवायचे, हे नवे मालक ठरवणार. आमच्या शकुंतला रेल्वेचे असेच होते. रूळ इंग्रजी अमदानीतल्या एका खासगी कंपनीच्या मालकीचे, गाडी चालवणार रेल्वे, आणि यवतमाळ ते मूर्तिजापूर सारा मुलूख म्हणणार, "आमची शकुंतला." गाडी थांबली तेव्हा आम्हाला कुणी विचारले नाही.

खात्यात काही बिघडले नव्हते, पत्रे उघडत होती. तरी दोन रविवार पुतण्याला धरून बसलो आणि सगळी कागदावर छापून घेतली. दोन फायली भरल्या. एका पत्रात त्याने लिहिले होते, की 'बावर्ची'वर बघून पुरणपोळी केली, पण घाईत पुरण सैल राहिले, पोळी फाटली, वहिनीला विचारून कळव. हिने तेव्हा मला समोर बसवून उत्तर सांगितले होते : डाळीचा कट पूर्ण निथळू दे, गूळ घातल्यावर उलथने पुरणात उभे राहीपर्यंत आच सोडू नकोस.

ते उत्तरही सापडले. तेही छापून घेतले.