पिल्लू जातिवंत घ्यावं की मिश्र?

मंडळी, मुलुंडहून एक चिठ्ठी आली आहे. घरात पिल्लू आणायचंय. लॅब्रॅडॉर विकत घ्यावा, की सोसायटीच्या गेटपाशी जन्मलेलं उचलावं? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात न्यायदर्शनातला जुना भेद आहे: जाती आणि व्यक्ती. गोत्व सगळ्या गाईंत असतं. दूध मात्र समोरची एक गाय देते, गोत्व देत नाही.

मग जात काय सांगते? मुख्यतः शरीर. उंची, केस, काही आजार. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष पुष्कळदा आढळतो. पगचं नाक चपटं. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. अंधेरीच्या मे महिन्यातल्या दमट हवेत पगला ते जड जातं. हस्कीचा तर कोटच बर्फातला! म्हणजे जात पाहायची ती आपल्या हवेशी ताडून.

आणि स्वभाव? २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास आला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकाचा सुमारे ९ टक्के भागच जातीवरून उलगडतो, असं त्यात दिसलं. 'अमुक जात प्रेमळच' हे म्हणणं त्यामुळे लंगडं पडतं.

पण म्हणून 'मिश्र म्हणजे निरोगी' असंही आम्ही म्हणणार नाही. रक्त मिसळल्यानं काही आनुवंशिक आजारांची शक्यता कमी होते, इतकंच. रस्त्यावरच्या पिल्लाला पार्वो, डिस्टेंपर यांचा धोका असतो, आणि मोठेपणी ते केवढं होईल याचा अंदाजच करावा लागतो.

तेव्हा जातीआधी पहिले दोन महिने विचारा. पिल्लू आई-भावंडांत वाढलं का? माणसांचे हात, घरातले आवाज त्याच्या ओळखीचे आहेत का? लसी, जंताचं औषध? विकणारा आई दाखवत नसेल, तर तिथून उठावं. २०१७च्या नियमांप्रमाणे प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. गेटपाशी जन्मलेल्यालाही तोवर आईपासून तोडू नये.

दोन्हीकडची उत्तरं समाधानकारक असतील, तर आमचा कौल गेटपाशी जन्मलेल्याला. आपल्या हवेत त्याच्या कित्येक पिढ्या निभावल्या आहेत, आणि त्याला घर हवं आहे.

एक हिशेब मात्र आधी करा. हे दहा-बारा वर्षांचं नातं आहे. लोकलनं दोघंही सकाळी आठला निघणार आणि रात्री आठला परतणार, तर मधले बारा तास त्याच्याजवळ कोण? याला उत्तर नसेल, तर जातिवंतही नको आणि मिश्रही नको. तूर्त थांबावं.