थंडीचे दिवस आणि मोटारीची बॅटरी

पौष-माघांत पारा उतरूं लागला म्हणजे निफाड-दिंडोरीकडील बागाईतदारास झोंप येत नाहीं. द्राक्षाच्या मण्यास तडा जाऊं नये म्हणून बागेंत शेकोट्या पेटतात, पहांटे पाणी सोडलें जातें. परंतु त्याच रात्रीं उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची अगर जीपची आठवण फार थोड्यांस होते. ती आठवण वेळेवर व्हावी, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

प्रथम आमचीच गोष्ट सांगतों. नोकरींतून निवृत्त होऊन आम्ही गांवीं राहावयास आलों, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यांत एका पहांटे मातोश्रींचा दमा बळावला. तालुक्याच्या गांवीं नेण्यासाठीं जीप काढूं गेलों. चावी फिरवितांच दिवे मंदावले, स्टार्टर एकदां कण्हला आणि गप्प झाला. शेजाऱ्यांस उठवून, गाडी ढकलून चालू करीपर्यंत पाऊण तास गेला. मातोश्री त्या दुखण्यांतून उठल्या, ही ईश्वराची कृपा. दोष थंडीचा, असें आम्हीं त्या वेळीं म्हटलें. पुढें जाणत्या मिस्त्रीस बॅटरी दाखविली, तेव्हां कळलें कीं, थंडी केवळ वसुलीस आली होती; थकबाकी आम्हींच उन्हाळ्यापासून साठविली होती.

ती कशी, तें समजण्यास बॅटरीची रचना पाहावी. १८५९ सालीं फ्रान्सांत गास्तों प्लान्ते यांनीं शिशाची पहिली बॅटरी सिद्ध केली. आजची मोटारीची बॅटरी त्याच कुळांतील आहे. तिच्या ६ कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या असून त्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. अम्ल व शिसें यांच्या रासायनिक क्रियेनें वीज उत्पन्न होते. कोणतीही रासायनिक क्रिया थंडींत मंदावते, तशी हीही मंदावते. २७ अंश सेल्सियस उष्णतामानांत बॅटरी जो जोर देते, त्याच्या अदमासें दोन तृतीयांशच ती शून्य अंशावर देऊं शकते. इकडे इंजिनाचें तेल थंडीनें घट्ट होतें, म्हणून तें फिरविण्यास जोर अधिक लागतो. डिझेलच्या इंजिनांत तर हवा दाबून तापली तरच तेल पेटतें. गार इंजिनास ती ऊब येण्यास अधिक फेरे द्यावे लागतात. म्हणजे उत्पन्न घटावें आणि त्याच सालीं खर्च वाढावा, असा हा प्रकार आहे.

तरीही चांगली बॅटरी आपल्याकडील थंडी सहज सोसते. तिचा खरा शत्रु उन्हाळा. चैत्र-वैशाखांत कप्प्यांतील पाणी आटतें, पट्ट्या उघड्या पडतात व झिजतात. उष्ण दिवसांत इंजिन हलकें फिरत असल्यामुळें तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हिवाळ्यांत मात्र उघड होतें. शिवाय बॅटरी दीर्घकाळ उतरलेली राहिली, तर पट्ट्यांवर कठीण पांढरा थर धरतो व तो पुनः सुटत नाहीं. उतरलेल्या बॅटरीचें अम्ल पाण्यासारखें पातळ होऊन उणे ७-८ अंशांच्या सुमारास गोठूं लागतें. पूर्ण भरलेलीचें उणे ५० अंशांतही गोठत नाहीं. लडाखासारख्या प्रदेशांत उतरलेल्या बॅटरीचें कवच फुटतें, तें ह्याचमुळें.

आतां उपाय सांगतों. दिवाळीपूर्वीं एकदां बॅटरी तपासून घ्यावी. गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर व्होल्टमीटरनें पाहावें : १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. झांकणें उघडणारी असल्यास खुणेपर्यंत केवळ डिस्टिल्ड पाणी घालावें. विहिरीचें पाणी क्षारयुक्त असल्यानें कदापि घालूं नये, आणि अम्लही आपल्या मनानें ओतूं नये. टोंकांवर सांचलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें धुवावी. सोडा कप्प्यांत जाऊं देऊं नये. मग टोंकें कोरडीं करून, पकडी घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावें. तारा सोडवितांना ऋण टोंक आधीं सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें. गाडी छपराखालीं ठेवावी आणि आठवड्यांतून एकदां तरी अर्धा तास चालवावी. नुसती चालू करून लगेच बंद केल्यास खर्च झालेली वीज भरून येत नाहीं.

पहांटे गाडी सुरू करतांना दिवे बंद ठेवावे, क्लच दाबावा, आणि स्टार्टर एका वेळीं १० सेकंदांहून अधिक फिरवूं नये. मध्यें अर्धा मिनिट थांबावें. ऊब देण्यासाठीं बॅटरीजवळ शेगडी अगर पलिता मात्र नेऊं नये. तिच्यांतून निघणारा हायड्रोजन वायु ठिणगीनें स्फोट पावतो. अम्ल डोळ्यांत उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्यानें बराच वेळ धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

गाडी चालविण्याचा वेळ सोडल्यास ह्या बाकीच्या कामास महिन्यांतून अर्धा तास पुरतो. त्या पहांटे आमचा पाऊण तास गेला. तोही थोडक्यांत निभावला म्हणून.