दोन रेघांमधली ‘थकबाकी’

ऑनलाइन पोकरचा हिशेब ठेवणाऱ्या ‘होल्डेम मॅनेजर’सारख्या सॉफ्टवेअरच्या आलेखात एक रेघ प्रत्यक्ष कमाईची असते, दुसरी अपेक्षित मूल्याची. दुसरीला खेळाडू ‘हक्काची कमाई’ समजतात. मला ते पटत नाही.

समजा, टेबलावर सामायिक पाने येण्याआधीच दोघांनी जवळचे सगळे, म्हणजे 100-100 डॉलर लावले. एकाकडे एक्क्यांची जोडी, दुसऱ्याकडे राजांची. एक्केवाला सुमारे 82 टक्के वेळा जिंकतो. म्हणजे 200 पैकी 164 त्याचे, स्वतःचे 100 वजा जाता 64. तो हरला तरी ही रेघ 64नेच चढते. राजेवाल्याची तितकीच उतरते. वास्तविक राजे हाती असताना समोर एक्के निघावेत, हेही नशीबच! पण ते ही रेघ धरत नाही; सगळे पैसे लागल्यानंतर उघडणाऱ्या पानांपुरतेच नशीब ती वगळते.

दोन रेघांतले अंतर ‘थकबाकी’ मानून वसुलीसाठी मोठ्या टेबलावर बसणारे (मटक्यातही ‘आता हा आकडा लागायलाच हवा’ म्हणणारे असतच) इथेच फसतात. पुढच्या डावांत पडणारे नवे अंतर सरासरीने शून्य. जुने तसेच राहते. आज अपेक्षेपेक्षा 2,000 डॉलर मागे असलेला लाख डावांनंतरही सरासरीने 2,000 मागेच.