अंगणातील ब्रह्मकमळ व घरची जनावरे

शेतकऱ्याच्या अंगणात मांजर, कुत्रे, क्वचित एखादे वासरूही मोकळे फिरत असते. अशा घरी शोभेचे झाड केवळ फुलावर भाळून निवडू नये; जनावराने त्यास तोंड लावल्यास काय होईल, हे प्रथम पाहावे. मांसल झाडांच्या बाबतीत तर हा विचार अगत्याचा आहे. पानफुटी खाण्यात आल्यास गुरांच्या हृदयास अपाय होतो. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर दाह करितो. आपल्याकडे ज्यास ब्रह्मकमळ म्हणतात, ते मात्र कुत्र्या-मांजरांस विषारी मानले जात नाही.

हे हिमालयातील ब्रह्मकमळ नव्हे. मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हा एक निवडुंग होय. याची दिसणारी पाने म्हणजे वस्तुतः पाणी साठविणारी चपटी खोडे आहेत. पानफुटीच्या पानांच्या कडांस कोंब फुटून रोपे होतात, तशी यास होत नाहीत. शेजाऱ्याकडून फांदी आणताना ही खूण ध्यानात ठेवावी.

वीतभर लांबीचा पक्व तुकडा कापून चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यावा व मग दोन इंच खोल लावावा. हिंगोली, वसमत, कळमनुरीकडील भारी काळी माती हळद-कपाशीस मानवते. पण कुंडीत ती पाणी धरून मुळे कुजविते. म्हणून माती, जाड वाळू व कुजलेले पालापाचोळ्याचे खत समभाग घ्यावे आणि कुंडीच्या तळाशी भोक ठेवून त्यावर खापऱ्या घालाव्या. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. हिवाळ्यात ते आणखी कमी करावे. जागा पूर्वेकडील ओसरीची उत्तम. वैशाखातील दुपारचे ऊन यास भाजून काढते.

फुले बहुधा मागील हंगामाच्या वाढीवर येतात, म्हणून सरसकट छाटणी करू नये. दोन-तीन वर्षांनी, विशेषतः पावसाळ्यात, शुभ्र सुवासिक फूल रात्री उमलते व सकाळी मिटते.

पिठ्या ढेकूण दिसल्यास तो साबणाच्या सौम्य पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पुसावा. कपाशी-सोयाबीनसाठी आणलेले कीटकनाशक या कुंडीवर कदापि फवारू नये. झाड निर्विष असले तरी त्यावरील औषध निर्विष नसते. आणि मांजर पान चाटण्यापूर्वी विचारीत नाही.