केसपेपर आपला, माहितीही आपली

गेल्या पावसाळ्यात आमच्या आरोग्य गटाने विहारात तपासणी शिबिर घेतले. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन. नाव, वय, मोबाईल नंबर आणि तपासणीचे आकडे एकाच वहीत लिहिले. शिबिराला गर्दी चांगली झाली म्हणून कार्यकर्त्यांनी फोटो काढून वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. एका फोटोत वहीचे उघडे पान स्पष्ट दिसत होते. एका मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. तिचे रक्त कमी असल्याची चर्चा दोन दिवसांत पाहुण्यांपर्यंत पोचली. तिची आई आमच्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, "दादा, आम्ही तपासायला आलो होतो, गावाला सांगायला नाही."

आम्ही माफी मागितली, फोटो काढून टाकला. पण सुटलेली गोष्ट परत हातात येत नाही. म्हणून हा लेख आधी आमच्यासाठी आणि मग तुमच्यासाठी.

कायदा काय म्हणतो?

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नियम २००२ सालचे आहेत. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट डॉक्टरने बाहेर सांगू नये, असे त्यात बजावले आहे. कोर्टाचा आदेश किंवा इतरांच्या जिवाला धोका असे मोजकेच अपवाद आहेत. ॲडमिट झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्यांची प्रत द्यायची असते. रुग्णाला आपले कागद मिळालेच पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. म्हणजे "कागद हॉस्पिटलचे आहेत, मिळणार नाहीत" हे उत्तर चालत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. बाबासाहेबांच्या संविधानातले कलम २१ जगण्याचा हक्क देते. त्या जगण्यात आपल्या शरीराची गोष्ट कोणाला सांगायची, हे ठरवण्याचा हक्कही येतो.

एचआयव्हीसाठी वेगळा कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा रिपोर्ट उघड करता येत नाही. नोकरी देण्याआधी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. जोडीदाराला सांगण्याबाबत मोजके, ठरलेले नियम आहेत. गर्भपात केलेल्या बाईचे नाव फोडणे हाही गुन्हा आहे.

टीबीचे मात्र नीट समजून घ्या. टीबीचा रुग्ण सापडला की डॉक्टरने सरकारला कळवायचे, असा नियम २०१२ पासून आहे. यात विश्वासघात नाही. या नोंदणीमुळेच औषधे मोफत मिळतात आणि पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. पण कंपाउंडरने भरल्या दवाखान्यात "टीबीच्या गोळ्या कोणाच्या?" असे ओरडणे चूकच. भीतीने नोंदणी टाळू नका. खालच्या आवाजात बोला, असे सांगायला मात्र लाजू नका.

माहिती फुटते कशी?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातले सर्वात नावाजलेले सरकारी रुग्णालय कित्येक दिवस हाताने कागद लिहीत राहिले. त्याआधी २०१६ मध्ये मुंबईतल्या एका लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर कोणालाही उघडता येतील असे पडून होते. त्यात एचआयव्हीचेही रिपोर्ट होते.

आपल्याकडे मात्र माहिती फुटायला हॅकर लागत नाही. जुने केसपेपर रद्दीत जातात. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो. रिपोर्ट चुकीच्या नंबरवर जातो. झेरॉक्सच्या दुकानात आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेला रिपोर्ट दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तसाच राहतो.

२०२३ साली डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधने १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहिती सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान दवाखाना असो की मोठे हॉस्पिटल, मोबाईल-कॉम्प्युटरवर रुग्णांची माहिती ठेवणाऱ्या सगळ्यांनी आतापासून तयारी करायला हवी.

माहिती हरवणे हाही धोकाच

२००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात घुसले. अशा पुरात भांडीकुंडी परत घेता येतात, पण जुने रिपोर्ट गेले की डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून तपासण्या लिहून देतात. बदलापूरहून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आणि तिथून मुंबई अशी पायपीट करणाऱ्याला कागद म्हणजे निम्मा उपचार.

घरी आणि दवाखान्यात काय करावे?

१. प्रत्येकाची वेगळी फाईल करा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढा, मोबाईलला लॉक लावा.

२. डिस्चार्ज घेतानाच कागदांची प्रत मागा. नाही म्हणाले तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ७२ तास तिथून मोजा.

३. आभा कार्डाचा १४ अंकी नंबर काढणे ऐच्छिक आहे. ओटीपी देण्याआधी "हा कशासाठी?" असे विचारा. आधारची झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहा.

४. झेरॉक्स झाल्यावर फाईल आपल्या डोळ्यांसमोर डिलीट करायला लावा.

५. दुसऱ्याचा रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका. उपचारासाठी मदत मागायची असेल तरी आधी रुग्णाला विचारा.

६. माहिती फुटली तर आधी दवाखान्याला लेखी कळवा. ॲलोपॅथी डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. नर्सिंग होममध्ये रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ती दिसली नाही तर विचारा.

आमच्या विहारात आता वही बदलली आहे. नावांची यादी वेगळी, तपासणीचे आकडे वेगळे. आकडे फक्त नंबरावर लिहितो आणि चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात देतो. टेबलाला पडदा लावतो. फोटो काढायचा तर बॅनरचा काढतो. वही कपाटात, किल्ली एकाकडे. या सगळ्याला आम्हाला खर्च आला तो एका पडद्याचा.

त्या मुलीची आई पुढच्या शिबिराला आली. पडदा बाजूला करून आत पाहिले, मग शेजारच्या दोघींना हाक मारून घेऊन आली.

जयभीम.