लायसन्सवरची बाराखडी

पाकिटातलं लायसन्स बाहेर निघतं ते बहुधा चौकात हवालदाराने शिट्टी मारली की. मग त्यावरचे आकडे वाचतो कोण?

समजा, नंबर ‘एमएच १२ २०११’ असा सुरू होतो. एमएच म्हणजे महाराष्ट्र, १२ म्हणजे पुण्याचं आरटीओ, २०११ हे लायसन्स दिल्याचं साल आणि पुढचे सात आकडे अनुक्रमांक. १४ असेल तर पिंपरी-चिंचवड, ०९ असेल तर कोल्हापूर.

‘एमसीडब्ल्यूजी’ म्हणजे गिअरची दुचाकी, ‘एलएमव्ही’ म्हणजे मोटारीसारखं हलकं वाहन.

खरी गोम मुदतीच्या तारखेत आहे. खासगी वाहनाचं लायसन्स तिशीच्या आत काढलं, तर ते चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नास वयात काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत आणि त्यानंतर पाच-पाच वर्षं. म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी लायसन्स काढणाऱ्याला अकरा वर्षं मिळतात, एकतिसाव्या वर्षी काढणाऱ्याला दहाच!

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने मुदतीनंतरची तीस दिवसांची सवलतही गेली. नूतनीकरण मुदतीआधी वर्षभर करता येतं. मुदत टळून वर्ष उलटलं, तर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते.